दोन अंगुळांची मर्यादा : भगंदर, शस्त्रकर्म आणि विनय

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे एक प्रकरण आहे. भिक्खूंच्या आजारांचा आणि औषधांचा विचार त्यात केलेला आहे. या प्रकरणात राजगृहाच्या वेळुवनात घडलेला एक लहानसा प्रसंग येतो. विहारातील वर्षावासाच्या वाचनात तो आला म्हणजे वाचणारा पान उलटतो आणि ऐकणारे खाली पाहतात, असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. प्रसंग भगंदराचा आहे आणि जागा संकोचाची आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने उलटून टाकावे असे हे पान नव्हे.

एका भिक्खूला भगंदर झाला होता. पालीत या रोगाला 'भगन्दल' म्हणतात. आकासगोत्त नावाचा वैद्य त्या भिक्खूवर शस्त्रकर्म करीत होता. भगवान बुद्ध निवासस्थाने पाहत फिरत असता त्या भिक्खूच्या विहाराकडे आले. आकासगोत्ताने त्यांना दुरूनच पाहिले आणि या भिक्खूचा मलमार्ग पाहा, घोरपडीच्या तोंडासारखा दिसतो आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. हा मनुष्य आपली थट्टा करीत आहे हे जाणून तथागत एक शब्दही न बोलता परतले. त्यांनी संघ एकत्र केला, त्या विहारात आजारी भिक्खू आहे काय, त्याला कोणता आजार आहे आणि त्याच्यावर काय उपचार चालला आहे अशी विचारपूस केली, आणि गुह्यस्थानी शस्त्रकर्म करवून घेऊ नये असा नियम घालून दिला. नियमाची तीन कारणे त्यांनी सांगितली. तेथील त्वचा नाजूक असते, तेथला व्रण भरून येणे कठीण असते आणि तेथे शस्त्र नीट चालविणे कठीण असते. पुढे काही भिक्खूंनी पळवाट काढली आणि शस्त्रकर्माऐवजी 'वत्थिकम्म' करवून घेतले. तेव्हा नियम अधिक स्पष्ट करण्यात आला : गुह्यस्थानाच्या सभोवती दोन अंगुळांच्या आत शस्त्रकर्म किंवा वत्थिकम्म करवू नये, करविल्यास थुल्लच्चय आपत्ती होते. थुल्लच्चय म्हणजे गंभीर दोष. परंतु त्यामुळे भिक्खूला संघातून बाहेर जावे लागत नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. संघासमोर जो ठपका ठेवला गेला तो थट्टा करणाऱ्या वैद्यावर ठेवलेला नसून शस्त्रकर्म करवून घेणाऱ्या भिक्खूवर आहे. विनयातील नियमांच्या कथांचा तो ठरलेला साचा होय, कारण विनय भिक्खूंना बांधतो, वैद्यांना बांधत नाही. तरीही आजच्या वाचकाला ते खटकते, आणि खटकावे. त्या भिक्खूचे नाव ग्रंथात नाही. त्याचे पुढे काय झाले, तेही नाही.

याच नियमाचा आधार घेऊन बौद्ध धम्मावर एक आरोप पुष्कळ काळ केला जात आहे. प्राचीन भारतात शस्त्रक्रियेची विद्या वैभवाला पोहोचली होती, पुढे बौद्धांच्या अहिंसेने तिला ग्रहण लागले आणि सुश्रुताची परंपरा लोपली, असे आयुर्वेदाच्या लोकप्रिय इतिहासांतून सर्रास सांगितले जाते. पाठ्यपुस्तके, व्याख्याने आणि स्मरणिका यांतून हे विधान इतक्या सहजतेने येते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. या आरोपाची छाननी करावयाची तर जो नियम त्याच्या मुळाशी ठेवला जातो तोच नीट वाचावा लागेल.

ज्या प्रकरणात हा नियम आहे त्याच प्रकरणात, काही पाने आधी, शस्त्रकर्माला स्पष्ट अनुज्ञा आहे. गळवाने पीडित झालेल्या भिक्खूच्या निमित्ताने ती दिलेली आहे आणि ती तेवढ्यावर थांबत नाही. एकेक अडचण पुढे येते आणि एकेक अनुज्ञा दिली जाते. जखम धुण्यासाठी तुरट काढा, तिळांचा कल्क, जखमेवर ठेवावयाची पोटिसाची घडी, बांधण्यासाठी पट्टी. जखमेला खाज सुटल्यास मोहरीचे चूर्ण शिंपडणे. ती चिघळल्यास धुरी देणे. मांस वर वाढल्यास मिठाच्या खड्याने ते काढून टाकणे. जखम भरत नसल्यास व्रणतेल. आणि तेल ओघळू लागल्यास ते टिपणारे फडके. ज्याने कोणा रुग्णाची जखम महिनाभर रोज धुतली आणि बांधली आहे, त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. शस्त्राला विटाळ मानणाऱ्या समाजाने लिहिलेली ही यादी नव्हे.

जीवक कोमारभच्चाची कथा याच महावग्गात पुढे, चीवराच्या प्रकरणात येते. राजगृहातील गणिका सालवतीचा हा पुत्र जन्मतःच सुपात घालून उकिरड्यावर टाकला गेला. राजपुत्र अभयाने त्याला उचलून वाढविले, आणि तक्षशिलेला सात वर्षे अध्ययन करून तो वैद्य झाला. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मस्वीकाराला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. या जीवकाने राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके उघडून कृमी बाहेर काढले आणि वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट चिरून आतड्याचा पीळ सोडविला, असे महावग्ग सांगतो. या कथांत अतिशयोक्ती असेलही. परंतु बौद्ध संघाने आपल्या विनयग्रंथात एका शल्यवैद्याची कीर्ती एवढ्या प्रेमाने जतन केली, ही गोष्ट अतिशयोक्तीने पुसली जात नाही.

जीवकाच्या उपचारांत भगंदराचाही एक आहे, आणि तो आमच्या विषयाच्या गाभ्याशी पोहोचतो. मगधराज बिंबिसाराला भगंदर झाला होता. त्याची वस्त्रे रक्ताने डागळत. ती पाहून राण्या थट्टा करीत की महाराज ऋतुमती झाले आहेत, आता लवकरच प्रसूत होतील. राजा लाजला. अभयाच्या सांगण्यावरून तरुण जीवक आला, नखाच्या टोकावर औषध घेऊन त्याने लेप लावला आणि एका लेपाने रोग दूर झाला. एका लेपाने बरा होणारा आणि मुख्यतः रक्त जाणारा हा विकार आज ज्याला आपण भगंदर म्हणतो तोच असेल, याविषयी आजचा शल्यचिकित्सक शंका घेईल. तो गुदचीर किंवा मूळव्याध असण्याचा संभव अधिक. प्राचीन काळी रोगांची नावे आजच्याइतकी काटेकोर नव्हती.

पण आमचे लक्ष वेधले ते एका क्रियापदाने. राण्यांच्या थट्टेसाठी महावग्गात 'उप्पण्डेति' हे क्रियापद आले आहे, आणि आकासगोत्ताच्या थट्टेसाठीही तेच. एक रोगी मगधाचा सम्राट, दुसरा अनाम भिक्खू; एकाला घरच्या स्त्रिया हसतात, दुसऱ्याला खुद्द त्याचा वैद्य. रोगाबरोबर येणारी ही दुसरी पीडा ग्रंथकारांना दिसली होती आणि ती त्यांनी नोंदवून ठेवली. राजाची थट्टा ऐकून राजवैद्य बोलावला गेला. भिक्खूची थट्टा ऐकून नियम झाला. दोन्ही घटना एकाच नगरात घडल्या. पुढे बिंबिसाराने जीवकाला राजाची, अंतःपुराची आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाची सेवा करण्यास नेमले, तेव्हा सामान्य लोक केवळ त्याचे उपचार मिळावेत म्हणून प्रव्रज्या घेऊ लागले, अशीही कथा महावग्गात आहे. चांगला वैद्य कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न त्या काळीही होताच.

आता तीन कारणांकडे वळू. ती समजण्यासाठी भगंदर म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गुदद्वाराच्या आतील भित्तीत सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादी तुंबली आणि तीत जंतुसंसर्ग झाला म्हणजे पू साचतो. पू मऊ जागेतून वाट काढीत बाहेरच्या त्वचेखाली येतो आणि तेथे गळू होते. ते फुटले किंवा फोडले म्हणजे ठणका थांबतो आणि रोगी सुटकेचा श्वास टाकतो. परंतु अनेकांत आतले तोंड आणि बाहेरचे तोंड यांना जोडणारी एक नळी मागे राहते. बाहेरचे तोंड सुकते, काही आठवड्यांनी पुन्हा सुजते, पुन्हा वाहते. हाच भगंदर होय. तो मलम लावून सहसा बरा होत नाही, कारण त्याचे मूळ आतल्या तोंडाशी असते.

नळी बरी करण्याचा सरळ उपाय म्हणजे ती आतून बाहेरपर्यंत उघडी करणे. अडचण अशी की गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात, एक आपोआप आवळलेले राहणारे आणि दुसरे आपल्या इच्छेने आवळता येणारे. मल आणि वायू यांवरील ताबा या वलयांवर अवलंबून असतो. भगंदराची नळी बहुधा या वलयांच्या मधून किंवा त्यांना भेदून जाते. नळी उघडावयाची तर तिच्यावरचा स्नायूही कापावा लागतो. थोडा कापला तर चालते. जास्त कापला गेला तर रोग बरा होतो आणि माणूस जन्माचा अधू होतो. वेळुवनातील आकासगोत्ताजवळ भूल नव्हती, प्रखर प्रकाश नव्हता आणि नळी कोणत्या थरातून गेली आहे हे पाहण्याचे साधन नव्हते. शस्त्र चालविणे कठीण, या शब्दांत ही सारी अडचण सामावलेली आहे. व्रण भरणे कठीण, कारण त्याच वाटेने रोज मल जातो. तथागतांना आधुनिक शरीररचनाशास्त्र अवगत होते असा दावा आम्ही करीत नाही. असल्या दाव्यांनी धम्माची शोभा वाढत नाही. त्या काळी कोणीही डोळस माणूस भगंदराच्या रोग्यांचे हाल पाहून जे शिकला असता, ते या नियमात उतरले आहे. हिंसेचा, पापाचा वा विटाळाचा उल्लेख त्या तीन कारणांत नाही.

सुश्रुतसंहितेत याच रोगाचा विचार आला आहे आणि तो विनयाच्या किती जवळ आहे हे पाहून आश्चर्य वाटते. संहितेने भगंदराची गणना आठ महागदांत, म्हणजे बऱ्या होण्यास अत्यंत कठीण अशा रोगांत केली आहे. गुद हे सद्य प्राण हरण करणारे मर्म मानले आहे. गुदाभोवती दोन अंगुळांच्या प्रदेशात खोल मूळ असलेली, ठणकणारी आणि ताप आणणारी पुळी आली तर ती भगंदराची जाणावी, असे निदानस्थानात सांगितले आहे. दोन अंगुळांची हीच मोजणी विनयात आहे. कोणी कोणाकडून घेतली हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही, कारण सुश्रुतसंहिता आज ज्या रूपात आहे ते अनेक पिढ्यांच्या हातून आलेले आहे. दोहोंमागे वैद्यांचा एकच अनुभव असावा, एवढे म्हणणे पुरे.

सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले. चाळणीसारखी अनेक छिद्रे असलेला शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उष्ट्रग्रीव, शंखाच्या वळशासारखा शम्बूकावर्त ही त्यांतील काही नावे. छेद कोणत्या आकाराचे घ्यावेत तेही सांगितले, आणि त्यांपैकी एक नांगराच्या आकाराचा आहे. म्हणजे तो शस्त्र वापरतो, त्याला भीत नाही. आणि तरीही नाडीव्रणाच्या चिकित्सेत तो लिहितो की रोगी कृश, दुर्बल वा भित्रा असेल, किंवा नाडी मर्मस्थानी असेल, तर शहाण्या वैद्याने ती शस्त्राने न कापता क्षारसूत्राने कापावी. शलाकेने वाट शोधावयाची, सुईने दोरा ओवून नळीतून बाहेर काढावयाचा आणि दोन्ही टोके बांधून टाकावयाची. हाच विधी भगंदरालाही लावावा, असेही तो सांगतो. शल्यविद्येचा आदिपुरुष मानला गेलेला सुश्रुत मर्मस्थानी शस्त्र नको म्हणतो तेव्हा ती त्याची चिकित्सकबुद्धी ठरते. तेच विनय म्हणतो तेव्हा ती अहिंसेची अंधश्रद्धा ठरते. हा दुटप्पी न्याय आम्हास मान्य नाही.

या ठिकाणी पाली अट्ठकथेतील एक स्थळ पुढे ठेवतो, कारण मराठीत त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपुराच्या महाविहारात विनयावरील 'समन्तपासादिका' ही अट्ठकथा लिहिली. आपल्या नियमावर भाष्य करताना ते प्रथम त्याची व्याप्ती आवळतात. त्या जागी शस्त्राने, सुईने, काट्याने, इतकेच नव्हे तर नखानेही कापणे, फाडणे, टोचणे वा खरवडणे नको. परंतु लगेच ते सांगतात की तेथे क्षारकर्म करण्यास किंवा दोरीने बांधण्यास हरकत नाही; त्याने तुटले तर ते चांगले तुटले असे समजावे. शेक आणि लेप यांनाही निषेध नाही. औषध माखलेली वात किंवा बांबूची नळी गुदमार्गात घालून तिच्यातून क्षार वा तेल सोडणेही चालते. बुद्धघोष क्षार आणि दोरी यांचा उल्लेख विकल्पाने करतात, क्षार लावलेल्या दोऱ्याचा एकत्र विधी सांगत नाहीत, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पण एवढे निश्चित की ज्या बौद्ध परंपरेने त्या जागी शस्त्र वर्ज्य केले तिने रोग्याला उपचाराविना सोडून दिले नाही. शस्त्राच्या जागी जो उपाय तिने खुला ठेवला तो सुश्रुताच्या उपायाचा सख्खा भाऊ आहे. अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्ताने हळद आणि निवडुंगाचा चीक यांची पुनःपुन्हा भावना दिलेला दोरा सांगितला, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय.

मग शस्त्रविद्या लोपली ती कशामुळे? एकच कारण देऊन हा प्रश्न मिटणारा नाही. परंतु ज्यांना कारण धर्मग्रंथांतच शोधावयाचे आहे त्यांनी मनुस्मृती उघडावी. वैद्याचे अन्न पुवासमान असल्याचे मनू म्हणतो, आणि श्राद्धाच्या पंक्तीतून वर्ज्य करावयाच्या लोकांत वैद्याची गणना करतो. रक्त, पू आणि प्रेत यांना ज्याचा हात लागतो तो हात अपवित्र, हे एकदा ठरले म्हणजे शस्त्र कोणाच्या हाती जाईल हे सांगावयास नको. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात हेच म्हटले होते. हाताने करावयाच्या विद्या जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या जातींवर ढकलल्या, बुद्धिजीवी वर्ग प्रत्यक्ष कृतीपासून दूर गेला आणि विज्ञान खुंटले, असे त्यांचे निदान होते. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज यांवरील ग्रंथात वैद्यांविषयीच्या या तिरस्काराची सविस्तर चर्चा केली. १९९१ मध्ये केनेथ झिस्क यांनी तर श्रमण आणि विशेषतः बौद्ध संघ हेच भारतीय वैद्यकाच्या घडणीचे महत्त्वाचे केंद्र होते असे प्रतिपादन केले. झिस्क यांचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य नाहीत. परंतु बौद्धांवर ठेवलेल्या आरोपाला एवढा पुरावाही कधी जोडला गेलेला नाही.

भारताबाहेरचा इतिहास पाहिला तर हाच पेच सर्वत्र दिसतो. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात भगंदरावर स्वतंत्र पुस्तक आहे आणि त्यात घोड्याचा केस गुंडाळलेला जवसाच्या धाग्याचा दोरा नळीतून ओवून बांधण्याची रीत दिली आहे. धागा कुजला तरी केस कुजत नाही, अशी त्यामागील युक्ती. इंग्लंडात जॉन आर्डर्न याने १३७६ च्या सुमारास या एका रोगावर ग्रंथ लिहिला. पण सर्वांत बोलकी कथा फ्रान्सच्या चौदाव्या लुईची आहे. या राजाला भगंदर झाला. लेप आणि औषधे थकली तेव्हा शल्यवैद्य फेलिक्स याने शस्त्रक्रियेची तयारी दर्शविली; मात्र त्याने अशी शस्त्रक्रिया पूर्वी केलेली नव्हती. कित्येक महिने त्याने गरीब रुग्णांवर सराव केला, नवे वाकडे पाते घडवून घेतले आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात राजावर शस्त्रक्रिया केली. राजा बरा झाला. वैद्याला धन आणि प्रतिष्ठा मिळाली. ज्या गरिबांच्या देहावर हात बसविला गेला त्यांची नावे, वेळुवनातील त्या भिक्खूप्रमाणेच, कोणी लिहून ठेवली नाहीत. गंमत अशी की राजाला झालेला रोग म्हणून भगंदर दरबारात काही काळ मिरविण्याची वस्तू झाला. थट्टा काय किंवा मिरवणूक काय, रोगाची नव्हे, रोग्याच्या पायरीची असते.

लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन यांनी भगंदराने पीडित गरिबांसाठी सात खाटांचे रुग्णालय उघडले. तेच पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटल म्हणून प्रसिद्ध झाले. याच परंपरेतील सर ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये चारशे रुग्णांच्या अभ्यासावरून नळी स्नायूंच्या कोणत्या थरातून जाते यानुसार भगंदराचे चार प्रकार केले. आजचे वर्गीकरण त्यावरच उभे आहे. आकार पाहून नावे देण्यापासून स्नायू पाहून नावे देण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे या रोगाच्या ज्ञानाचाच प्रवास होय.

आजचे उपचार या एका प्रश्नाभोवती फिरतात : स्नायू किती गुंतला आहे? नळी वरवरची असेल आणि स्नायू थोडाच गुंतला असेल तर ती उघडी करून जखम तळापासून भरू देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. नळी उंच वा फाटे फुटलेली असेल तर एमआरआय तपासणी करून तिचा नकाशा घेतात आणि प्रथम नळीत सैल दोरा ठेवतात, म्हणजे पू वाहता राहतो आणि नवे गळू होत नाही. त्यानंतर आतले तोंड गुदभित्तीच्याच पदराने झाकणे, दुर्बिणीने नळी आतून जाळून साफ करणे, लेझरने ती बंद करणे, असे स्नायू वाचविणारे पर्याय असतात. बँकॉकचे शल्यचिकित्सक अरुण रोजनसाकुल आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये अशीच एक पद्धत प्रसिद्ध केली. दोन स्नायुवलयांच्या मधल्या फटीतून शिरून नळी तेथेच बांधून तोडावयाची आणि स्नायूला धक्का लावावयाचा नाही. पहिल्या अठरा रुग्णांपैकी सतरा बरे झाले होते. नंतरच्या मोठ्या अनुभवात यश इतके उंच राहिले नाही, तरी ही पद्धत जगभर रुजली. ज्या देशात विनयाचे अध्ययन आजही नित्य चालते तेथून ती आली, हा केवळ योगायोग असेल. आम्ही त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. वाचताना आनंद झाला एवढेच.

क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात १९६० च्या दशकात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. दोऱ्यावर एकवीस थर चढवितात : अकरा निवडुंगाच्या चिकाचे, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, तीन चीक आणि हळदीचे. दोरा आठवड्याला बदलतात आणि तो नळी सावकाश कापीत, मागे भरवीत बाहेर येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने जखम साधारण चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्राने आठ. पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर अकरा टक्के तर क्षारसूत्रानंतर चार टक्के होते. घाई असलेल्याला एक उपाय, पुन्हा नको असलेल्याला दुसरा, इतके सोपे ते नाही. निर्णय तपासणाऱ्या शल्यचिकित्सकाबरोबर बसूनच करावा लागतो. मात्र रेल्वे स्थानकाबाहेरच्या भिंतींवर 'बिना ऑपरेशन, खात्रीचा इलाज' असे रंगविणाऱ्यांचा या परंपरेशी काही संबंध नाही. आपल्या वस्त्यांतील माणसे डॉक्टरांपुढे कपडे काढण्याच्या लाजेने त्यांच्याकडे जातात आणि साधी नळी बिकट करून घेऊन परततात.

उपासक-उपासिकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हा नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांना तो बांधत नाही. 'बुद्धांनीच मना केले आहे' असे सांगून शस्त्रक्रिया टाळणारे एक वयोवृद्ध उपासक आम्हास भेटले आहेत. भिक्खूंच्या बाबतीत, नियमाची जी तीन कारणे खुद्द विनयाने दिली ती आज भूल, प्रकाश आणि एमआरआय यांनी कितपत उरली आहेत, हा विचार संघाने करावयाचा आहे. तो व्हावा असे आम्हास वाटते.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा या रोगाचा लांब भाग आहे. जखम मुद्दाम उघडी ठेवलेली असते. लहान जखम चार ते सहा आठवड्यांत भरते, मोठी दोन-तीन महिने घेते, आणि तोवर थोडे रक्त किंवा पातळ स्राव येत राहतो. त्याने घाबरून जाऊ नये. शौचानंतर टबात कोमट पाण्यात बसावे, जखम साध्या पाण्याने स्वच्छ ठेवावी, कोंडायुक्त अन्न, भरपूर पाणी आणि लागल्यास इसबगोल घेऊन मल मऊ ठेवावा. ताप आला, ठणका वाढत गेला किंवा लघवी अडली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काढलेल्या ऊतीची तपासणी करवून घ्यावी, कारण आपल्या देशात क्षयरोगामुळेही भगंदर होतो आणि तेथे क्षयाच्या औषधांशिवाय शस्त्र व्यर्थ जाते. मधुमेह असल्यास तो आधी ताब्यात आणावा. सुश्रुताने जखम भरल्यावरही वर्षभर व्यायाम, मैथुन, क्रोध, जड अन्न आणि जनावराच्या पाठीवरचा प्रवास वर्ज्य सांगितला आहे. आजचे डॉक्टर इतके कडक नसतात, पण सायकल आणि मोटारसायकल काही काळ दूर ठेवावयास तेही सांगतात.

या महिन्यांत कपडे डागळतात. ते धुवावे लागतात, आणि घरातील कोणाला तरी जखम पाहून पट्टी ठेवावी लागते. महावग्गाच्या ज्या प्रकरणात बिंबिसाराची डागळलेली वस्त्रे आहेत, त्याच प्रकरणात पुढे पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्ध आणि आनंद यांनी आपल्या हातांनी धुतल्याची कथा आहे. तेथे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रोग्याला काय हितकर आणि काय अहितकर हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मल, मूत्र, थुंकी आणि वांती उचलताना त्याला किळस येऊ नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रोग्याला धीर देता यावा. लगेच पुढे नियम येतो : भिक्खू मृत झाला तर त्याचे पात्र आणि तीन चीवरे संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावीत.